वगाला रात्र हवी

१९५९ साली आलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं एकाच पडद्यावर एकच बोलपट! त्यातली ‘बुगडी माझी सांडली गं’ ही गदिमांनी लिहिलेली, वसंत पवारांनी चाल लावलेली आणि आशाबाईंनी गायलेली लावणी आज शाळेच्या स्नेहसंमेलनापासून टीव्हीवरच्या स्पर्धेपर्यंत सगळीकडे वाजते. जयश्री गडकर हे नाव त्या लावणीने घराघरांत पोहोचवलं. पण चित्रपट पुन्हा एकदा सबंध पाहा. लावणी त्यातला दागिना आहे, कणा वेगळाच आहे. गावच्या पाटलाने एका कुटुंबावर केलेला अत्याचार वर्षानुवर्षं दडपून राहिलेला असतो. गावाला सगळं ठाऊक असतं, पण पाटलापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नसते. शेवटी ती हकिगत बाहेर पडते ती तमाशाच्या बोर्डावरून, म्हणजे रंगमंचावरून. भरल्या गावासमोर, आणि त्या पाटलाच्याही समोर.

तमाशात हे काम वगाचं, म्हणजे शेवटी उभ्या राहणाऱ्या नाट्याचं. आधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी, मग गण, मग मावशी आणि पेंद्याला घेऊन येणारी गवळण, मग बतावणी, रंगबाजी, आणि या सगळ्यांनी रात्र तापवली की उभा राहायचा वग. राजाराणीचा असेल, डाकूचा असेल, सासुरवाशिणीचा असेल. पण गोष्ट अशी की तिच्यात गावाला आपलं गाव दिसलं पाहिजे. फडाचा सरदार, म्हणजे प्रमुख नट, राजा होतो, सोंगाड्या, म्हणजे हसवणारा नट, शिपाई होतो, आणि तो शिपाई राजाला भर दरबारात असं काही विचारतो, जे गावातल्या माणसाला चावडीवर कधीच विचारता आलेलं नसतं. जुन्या फडांत, म्हणजे तमाशा मंडळ्यांत, वग लिहिलेला नसायचा. गोष्टीचा सांगाडा सगळ्यांना पाठ आणि संवाद जागच्या जागी. त्यामुळे प्रत्येक गावात वग त्या गावचा व्हायचा.

हा वग आज जवळजवळ संपला आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच, की तो आपोआप संपलेला नाही. कायद्याने त्याची रात्र कापली. आणि ती कापली जात असताना कुणी हरकत घेतली नाही, कारण चित्रपटांनी आपल्या मनात तमाशाची जी आठवण ठेवली, तिच्यात वग नव्हताच.

आधी चित्रपटाचं बोलतो. १९४७ साली राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. गोष्ट पेशवाईतली. सोलापूरचा ब्राह्मण शाहीर, घरदार आणि पांडित्य बाजूला ठेवून डफ हातात घेतो. कथा गदिमांची, दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं, बोर्डावर हंसा वाडकर. या एका चित्रपटाने मराठी पडद्याला तमाशाची वाट दाखवली आणि पुढची दोन-तीन दशकं मराठी सिनेमा त्या वाटेवर जगला. गंमत म्हणून नव्हे, तर फार गंभीरपणे लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. त्याच सुमारास मुंबई राज्याच्या बाळासाहेब खेर सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून खऱ्या तमाशावर बंदी घातली होती. फडमालक मंत्र्यांच्या दारात उभे राहिले, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि तमाशाला पुन्हा परवानगी मिळाली ती अटी घालून. काय बोलणार ते आधी लिहून दाखवा, तपासून घ्या, मग बोर्डावर चढा. जो वग जागच्या जागी बोलला जायचा, त्याला पहिली वेसण तिथे पडली. पडद्यावरचा तमाशा मात्र शहरातल्या थिएटरात, पोराबाळांसह, सन्मानाने पाहिला जात होता.

मग १९७२चा ‘पिंजरा’. माझ्या पिढीला आणि माझ्या आधीच्या पिढीला तमाशा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती संध्याबाईंची चंद्रकला, राम कदमांचं संगीत, खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. डॉ. लागूंचा गुरुजी कुणी विसरू शकत नाही. गावाला आदर्श करायला निघालेला मास्तर फडाला गावाबाहेर काढतो आणि शेवटी त्याच फडात तुणतुणं धरून उभा राहतो. चित्रपट म्हणून त्याची पकड जबरदस्त आहे, यात मला शंका नाही. पण फडाबद्दल तो काय सांगतो? फड म्हणजे चांगल्या माणसाला घसरवणारी जागा. फडातल्या माणसांची कला, त्यांचं पोट, त्यांचं कर्ज, त्यांचं रोजचं चालणं हे सगळं गुरुजीच्या पतनामागचा पडदा होऊन जातं. राम जोशीतही मध्यभागी वरून खाली आलेला माणूस, इथेही तोच. आणि दोन्ही ठिकाणी प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? लावण्या. ‘पिंजरा’ पाहून आलेल्या माणसाला त्या फडाची पाच गाणी विचारा, तो म्हणून दाखवेल. त्या फडाचा वग कोणता होता विचारा.

‘नटरंग’ने २०१० मध्ये हे थोडं बदललं. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा स्वतः फड काढतो, त्याला वगातला राजा व्हायचं असतं आणि नाच्या व्हावं लागतं. वग करण्याची तहान म्हणजे काय असते हे मराठी पडद्यावर इतकं नीट क्वचितच आलंय. तरीही वर्षभराच्या आत गावोगावच्या स्टेजवर त्यातून काय उतरलं? ‘अप्सरा आली’ आणि ‘वाजले की बारा’. गुणाची तहान चित्रपटातच राहिली.

यात दोष एकट्या चित्रपटाचा नाही. तीन तासांच्या बोलपटात चार तासांचा वग कुठून बसणार? लावणी तीन मिनिटांची. ती कापून काढता येते, रेकॉर्डवर विकता येते, रेडिओवर लावता येते. पण परिणाम व्हायचा तो झाला. चित्रपटाने ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारीची बैठक यांची सरमिसळ केली. चौफुल्याच्या किंवा पुण्याच्या आर्यभूषण थिएटरातली बारी ही वेगळी कला आहे. ती गाण्याची आणि अदाकारीची, एका जागी बसून पाहण्याची. कनातीचा फड ही दुसरी कला, जिच्यात सोंगाड्या, सरदार, सुरते म्हणजे मागून साथ गाणारे, नाच्या, मावशी, शंभराच्या आसपास माणसं, ट्रक, जनरेटर आणि रोज नवं गाव. दोन्हींची एकच प्रतिमा झाली आणि त्या प्रतिमेचं नाव लावणी पडलं. सरकारी महोत्सवात ‘तमाशा’ म्हणून बोलावतात तेव्हाही बहुतेक वेळा सहा लावण्यांचा कार्यक्रम मागतात.

आता कायद्याकडे येतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र ठरली आणि त्या वेळात लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं. २०१०च्या दुरुस्तीने वाद्यंही या बंधनाखाली आली, म्हणजे भोंगा काढून नुसती ढोलकी वाजवतो म्हटलं तरी वाट बंद. नियमाला सूट आहे, पण ती दोन प्रकारची. एक, बंदिस्त जागेत, म्हणजे नाट्यगृहात, सभागृहात, हॉलमध्ये. दुसरी, राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक सणाच्या निमित्ताने, रात्री १० ते १२ पर्यंत.

हा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लाउडस्पीकरच्या भिंतीशेजारी ज्याचा आजारी बाप झोपलाय, त्याला विचारा कायदा कशाला हवा. मार्च महिन्यात दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि नेमक्या तेव्हाच यात्रा सुरू होतात. रात्री शांत झोप मिळणं हा माणसाचा हक्क आहे आणि तो न्यायालयाने मान्य केला हे बरंच झालं. माझा प्रश्न ही सूट कुणाला मिळते याचा आहे.

पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात नाटकाचा रात्रीचा प्रयोग साडेनऊला सुरू होतो आणि साडेबाराला सुटतो. कुणी पोलीस येऊन पडदा पाडत नाही, कारण नाट्यगृहाला भिंती आहेत. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगाच्याच घाटाचं लोकनाट्य. दादा कोंडक्यांनी ते गाजवलं. आज कुणी ते पुन्हा उभं केलं आणि एखाद्या नाट्यगृहात रात्री लावलं, तर त्याचा वग बारा वाजले तरी चालेल. तोच वग तीच माणसं जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या गावात कनातीत करायला लागली तर दहाला बंद. कनात ही बंदिस्त जागा नाही. म्हणजे भिंत बांधायला ज्याच्याकडे पैसा आणि जागा आहे, त्याची रात्र शाबूत राहिली. ज्याचं अख्खं घर ट्रकवर आहे, त्याची गेली. कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवलेल्या कलेच्या वाट्याला हे यावं, याकडे निव्वळ तांत्रिक बाब म्हणून पाहता येत नाही.

सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली या नियमांमुळे थांबल्या, तेव्हा पुण्यात त्याबद्दल किती लिहिलं-बोललं गेलं ते मला आठवतं. पहाटेचे राग आता ऐकायला मिळणार नाहीत म्हणून रसिक हळहळले, आणि ती हळहळ खरी होती. रागाला जशी वेळ असते तशी वगालाही असते, हे त्या वेळी कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. भैरव संध्याकाळी सातला गायला सांगितला तर अन्याय होतो, हे आपल्याला कळतं. वग साडेआठला सुरू करून दहाला संपवायला सांगितलं तर काय होतं, ते कळत नाही, कारण वग आपण पाहिलेलाच नाही.

काय होतं ते सांगतो. यात्रेच्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड, संध्याकाळी देवाची पालखी, छबिना. मग पाहुण्यांची जेवणं. माणसं मोकळी होऊन कनातीकडे वळतात तेव्हा नऊ वाजत आलेले असतात. दहाची घंटा डोक्यावर. फडमालकाकडे तासभर आहे. त्यात तो गण उरकतो, गवळण उरकतो, आणि मग पुढून शिट्ट्या येतात, ‘गाणी होऊ द्या.’ वग असा तोडता येत नाही. पहिल्या अर्ध्या तासात राजाने चूक केली, ती उलगडायला दोन तास लागतात. मध्येच थांबवला तर प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. गाणं कुठेही थांबवता येतं. म्हणून वग गेला आणि गाणी राहिली. मग गाणी तरी ढोलकीवरची राहिली का? चित्रपटातली रेकॉर्ड लावून नाचणं जास्त सोपं आणि स्वस्त. आणि एकदा ते झालं की यात्रा कमिटीला शंभर माणसांचा फड कशाला हवा? आठ मुली आणि एक साउंडवाला असला की पुरे.

दिवसा करा म्हणणारेही भेटतात. दिवसाची हजेरी तमाशात आहेच. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी फड हजेरी देतो, ती परंपरा जुनी. पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात, पत्रा तापलेल्या बोर्डासमोर तीन तास बसून कोण वग पाहील? हजेरी ही झलक असते, फडाची मानवंदना. ती वगाची जागा घेऊ शकत नाही.

वग गेल्याने सर्वांत जास्त नुकसान कुणाचं झालं, तर फडातल्या बायांचं. हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण तमाशाविरुद्धचा सगळ्यात जड आक्षेप बायांच्या नावानेच येतो. तो आक्षेप खोटा नाही. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, महार बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून, असं सांगितलं जातं. आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी, गण-गवळणीचा साचा बदलला आणि बाईला नाचवण्याची प्रथाच बाजूला सारली. पण त्यांनी काय ठेवलं ते पाहा. संवाद ठेवला, सवाल-जवाब ठेवला, गोष्ट ठेवली, प्रश्न विचारणारा सोंगाड्या ठेवला. त्याआधी सत्यशोधक जलशांनीही तेच केलं होतं. कम्युनिस्टांच्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठ्यांनी ‘अकलेची गोष्ट’ लिहिली, ‘माझी मुंबई’ लिहिली, तीही याच घाटात, आणि सरकारला ती इतकी झोंबली की बंदी आली. ज्यांना तमाशातलं शोषण सलत होतं, त्या सगळ्यांनी तमाशातून वेचून घेतला तो वगाचाच भाग. आज आपण नेमकं उलटं करून बसलोय. बाईचं नाचणं तेवढं ठेवलंय आणि तिचं बोलणं टाकून दिलंय.

वगात बाई राणी असते, आई असते, डाकूची बहीण असते, सवाल करते, राजाला गप्प करते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना लोक आज एका प्रसंगासाठी ओळखतात. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई. ती गोष्ट भाषणात सांगितली जाते, डोळे पुसले जातात. त्यांच्या नावाने सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कारही देतं. पण विठाबाई फडाच्या मालकीण होत्या, आणि वगातल्या नटी म्हणून त्या काय ताकदीच्या होत्या हे बोलायला फारशी माणसं उरलेली नाहीत. त्यांच्या मुलीने, मंगला बनसोडे यांनी, पुढे स्वतःचा फड चालवला, वगांत मुख्य भूमिका केल्या. कांताबाई सातारकरांचं तेच. या बाया नाचत होत्या आणि नटही होत्या, म्हणून वय उतरणीला लागल्यावरही बोर्डावर त्यांना जागा होती. आजच्या फडातली बाई पस्तिशी ओलांडली की तिला कुठली जागा आहे? वग असता तर ती राजमाता झाली असती. वग नाही, म्हणून ती घरी बसते, किंवा भाकऱ्या थापायला फडाबरोबर फिरते. तेच सोंगाड्याचं. काळू-बाळूंसारखी जोडी ‘जहरी प्याला’मध्ये हवालदार होऊन उभी राहिली की सबंध गाव लोळायचं. कवलापूरच्या त्या जुळ्या भावांचं हसवणं वगाच्या पोटातून यायचं. दोन गाण्यांच्या मधल्या तीन मिनिटांत तसा सोंगाड्या घडत नाही.

वग आता कुणाला हवाय, टीव्ही आहे, मोबाइल आहे, असं म्हटलं जातं. या आक्षेपाला माझ्याकडे तितकं पक्कं उत्तर नाही, हे मान्य करतो. प्रेक्षक बदललाय. पूर्वीसारखा पहाटेपर्यंतचा वग आज कुणी पाहणार नाही आणि तो मागावा असंही मला वाटत नाही. पण नऊ ते बारा अशी तीन तासांची वेळ मिळाली, तर दीड-पावणेदोन तासांचा बांधीव वग नक्की उभा राहील. तो चालेल की नाही ते प्रेक्षक ठरवेल. आज ठरवतोय तो पोलीस ठाण्याचा फोन.

शिवाय वगाने काळानुसार बदलायला कधी नकार दिलेला नाही. सावळजच्या उमाजीने ‘मोहना-बटाव’ रचला, तो पहिला वग मानतात. बापूरावांनी ‘मिठाराणी’ दिली. पुढे राजाराण्या मागे पडल्या आणि ‘गाढवाचं लग्न’ आलं, ज्यातला सावळ्या कुंभार दादा इंदुरीकरांनी गाजवला. त्यानंतर फडांनी भाऊबंदकीच्या, जमिनीच्या, खुनाच्या ताज्या हकिगती घेतल्या. तांबव्याच्या विष्णू बाळासारखी गोष्ट, जी पंचक्रोशीने कोर्टाच्या पायऱ्यांवर ऐकली होती, ती बोर्डावर आली. पीक विम्याचा, पाण्याच्या टँकरचा, परगावी ऊस तोडायला गेलेल्या बाईचा, कर्जाच्या जाहिरातीत फसलेल्या पोराचा वग आज का होऊ नये? तो लिहिणारा पाहिजे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, वसंत सबनीस यांच्यासारख्या लेखकांना लोकनाट्य लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही. आजचे नाटककार फडासाठी लिहीत नाहीत, कारण फडाला नवा वग बसवायला ना वेळ उरली ना पैसा. कलाकारांना हंगामाआधी द्यायची उचलच कर्जाने काढलेली असते. त्या कर्जात नव्या वगाच्या तालमी बसत नाहीत.

म्हणून मागण्या ठोस कराव्या लागतील.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, १५ दिवसांच्या त्या सवलतीची. दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्याला या दिवसांची यादी निघते. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सवातले चार-पाच दिवस, नवरात्र, नाताळ, एकतीस डिसेंबर. बहुतेक दिवस शहराच्या सोयीचे आणि सबंध जिल्ह्याला एकाच तारखेला. गावची यात्रा अशी चालत नाही. एका गावची चैत्र पौर्णिमेला, शेजारच्या गावची अष्टमीला, तिसऱ्याची अक्षय्य तृतीयेनंतर. त्या यादीत गावच्या यात्रेचा दिवस गावापुरता धरला जावा. म्हणजे ज्या गावची यात्रा, त्या गावात त्या एका रात्री बारापर्यंत सूट, आणि ती सूट कनातीतल्या फडापुरती. नियमात ‘सांस्कृतिक किंवा धार्मिक सण’ असंच म्हटलेलं आहे, आणि ग्रामदैवताच्या यात्रेएवढा अस्सल सण दुसरा कुठला? गावाला ३६४ रात्री शांतता आणि एक रात्र वग, ही मागणी जास्त आहे असं मला वाटत नाही. परीक्षेच्या काळात ज्या गावाला ती नको असेल, त्या गावाच्या ग्रामसभेने नको म्हणावं.

त्याबरोबर आवाजावर मात्र कडक राहायला हवं. फडांच्याही बाजूने एक गोष्ट सुधारायला हवी, आणि हे मी फडांच्या बाजूचा माणूस म्हणून म्हणतोय. मोठमोठ्या भोंग्यांच्या भिंती लावून वग ऐकवता येत नाही. वग हे बोलणं आहे, आणि बोलणं नीट ऐकू यायला कनातीच्या आत तोंड केलेले छोटे स्पीकर पुरतात. रात्री १० नंतर तेवढेच वापरायचे, ही अट घालावी आणि पाळली जावी. डीजेच्या भिंतींना जी मोकळीक मिरवणुकांत मिळते, ती कुणी मागू नये.

दुसरी मागणी अनुदानाची. फडांना सरकारी मदत मिळते, ती मिळायलाच हवी, पण तिचा काही भाग नव्या वगाला बांधून द्यावा. लेखकाचं मानधन, महिनाभराच्या तालमी, कपडे. आणि जे जुने सोंगाडे, ज्या जुन्या नटी अजून आहेत, त्यांच्या तोंडचे वग आत्ता, ताबडतोब, सबंध चित्रित करून ठेवावेत. लावण्या ध्वनिमुद्रित आहेत, बोलपटात आहेत. सबंध वग फार थोडे जपले गेलेत, आणि बरेचसे लिहिलेले नसल्यामुळे माणसाबरोबर जातात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जुने बोलपट जपायची सोय देशाने केली आहे. ज्या कलेवर त्यातले कितीतरी मराठी बोलपट उभे राहिले, तिची स्वतःची नोंद ठेवायला तेवढीच तळमळ दाखवता येईल.

चित्रपटवाल्यांकडेही एक मागणं आहे. तमाशापट पुन्हा येतील, त्यांची चाहूल अधूनमधून लागतेच. जुन्या काळाचे कपडे, जुने वाडे, जुनी ढोलकी सगळं हौसेने उभं केलं जाईल. त्यात एक प्रवेश तरी वगाचा घ्या. सबंध दहा मिनिटं. सोंगाड्या राजाला काय विचारतो ते लोकांना ऐकू द्या. ‘सांगत्ये ऐका’ने साठहून अधिक वर्षांपूर्वी हे धाडस केलं होतं आणि लोकांनी तो अडीच वर्षं उचलून धरला होता.

आणि उरलेलं काम यात्रा कमिट्यांचं आहे, कारण सुपारी, म्हणजे फडाला काम, त्या देतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येतात, कुठल्या फडाला किती, याची घासाघीस होते. ‘नाचायला पोरी किती’ हा प्रश्न तिथे पहिला विचारला जातो. ‘वग कुठला आणतोय’ हा विचारावा, आणि सुपारीच्या चिठ्ठीत वगाचं नाव आणि त्याची वेळ लिहून घ्यावी. गावच्या रात्रीच्या परवानगीचा अर्ज मात्र पाडव्यापर्यंत थांबवू नये. सूट असलेल्या दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच निघते, तेव्हा ग्रामसभेचा ठराव जोडून तो डिसेंबरातच जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचलेला असला पाहिजे.